रिळावरचा जिल्हा

सांगली जिल्ह्याचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा माग काढायचा असेल, तर आधी 'सांगली' हे नाव बाजूला ठेवावं लागतं. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली संस्थानं एकत्र करून 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा इथलं एकोणिसाव्या शतकातलं काहीही हवं असेल, तर ग्रंथालयात साताऱ्याचा खण उघडायचा. सांगली, मिरज, जत ही तेव्हा संस्थानं, म्हणजे त्यांचं दप्तर आणखी तिसरीकडे. हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. 'सांगली' या नावापुढे काही निघालं नाही म्हणून हात हलवत परतलेली दोन-तीन मुलं मी स्वतः पाहिली आहेत.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते एका यंत्राविषयी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, बहुधा तळमजल्यावर किंवा जिन्याच्या बाजूच्या एखाद्या खोलीत, ते प्लास्टिकचं आच्छादन पांघरून बसलेलं असतं. जुन्या टीव्हीएवढी पेटी, पुढे पडदा, खाली दिवा, मध्ये भिंग आणि बाजूला फिरवायची मूठ. मायक्रोफिल्म वाचण्याचं यंत्र. आजच्या विद्यार्थ्यांना ते भंगार वाटतं. मी त्याच्यासमोर पहिल्यांदा बसलो तो २०२२ साली, वयाच्या पन्नाशीनंतर. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं, संशोधनाशी माझा संबंध नाही. वाळवा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी 'आपल्या भागातली जुनी वर्तमानपत्रं' असा विषय माझ्या गळ्यात पडला आणि मी एका विद्यापीठाच्या दारात जाऊन उभा राहिलो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही येणार आहे.

खोलीतल्या मामांनी कपाटातून एक पुठ्ठ्याची डबी काढून दिली. आत रीळ. मुठीत मावेल एवढं. पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म, म्हणजे पूर्वी टुरिंग टॉकीजमध्ये असायची तीच रुंदी, फक्त कडेची भोकं नाहीत. लांबी साधारण तीस मीटर. एवढ्याशा रिळात वर्तमानपत्राची सहाशेच्या आसपास पानं बसतात. हे रीळ डावीकडच्या दांड्यावर चढवायचं, फिल्मचं टोक एका रुळाखालून घ्यायचं, दोन काचांच्या मधून सरकवायचं आणि उजवीकडच्या रिकाम्या रिळाच्या खाचेत अडकवायचं. दिवा लावला, की पडद्यावर पान उमटतं. पहिल्यांदा ते बहुतेक आडवं किंवा उलटं उमटतं. मग भिंगाजवळची कडी फिरवून ते उभं करायचं, दुसरी कडी फिरवून अक्षर स्पष्ट करायचं. काही रिळं पांढऱ्यावर काळी, काही काळ्यावर पांढरी. काळ्यावर पांढरं वाचताना अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात. आणि मूठ भरभर फिरवली, की पानं अशी पळतात, की घाटातल्या एसटीत बसल्यासारखं पोटात ढवळतं. खंबाटकीचा घाट ज्यांना लागतो, त्यांनी ही मूठ सावकाश फिरवावी.

मामांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, "सर, पळवायचं असलं की आधी काच उचला, मग पळवा." कारण काच दाबलेली असताना फिल्म ओढली आणि काचेखाली धुळीचा एक कण असला, तर तो कण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक रेघ मारत जातो. ती रेघ नंतर कुणालाच पुसता येत नाही. आमच्या त्या रिळावर अशा तीन रेघा होत्या. कुणाच्या तरी घाईच्या.

रिळाच्या सुरुवातीला एक पाटी छायाचित्रित केलेली असते. पत्राचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मूळ प्रत कुठली, किती पट लहान केलं. मध्ये मध्येही पाट्या येतात : अमुक अंक उपलब्ध नाही, अमुक पान फाटलेलं आहे. हे मला फार आवडलं. नाही ते नाही, असं तिथल्या तिथे लिहून ठेवलेलं. एका चौकटीत पान सपाट राहावं म्हणून कुणी तरी कडेला बोट दाबून धरलं होतं, ते बोटही फिल्मवर आलंय. ज्यानं हे हजारो पानांचं काम केलं त्याची तेवढीच सही.

मी पुस्तकं बांधणाऱ्याचा मुलगा. आमचे अब्बा मिरजेत बांधणीचं काम करायचे. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची पुस्तकं, वाचनालयांच्या मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या फायली. घरात खळीचा वास असायचा. खळीत मोरचूद घातला नाही तर कसर लागते, हे मला बाराखडीच्या आधी कळलं असेल. त्यामुळे पडद्यावर पान आलं तेव्हा माझी नजर मजकुरावर जायच्या आधी शिवणीवर गेली. आतल्या बाजूच्या रकान्यातले ओळीओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द गायब होते. ती कॅमेऱ्याची चूक नव्हे. जाड फाईल जुजबंदीनं, म्हणजे घडीतून शिवून बांधली, तर ती पूर्ण उघडते. पण त्याला वेळ लागतो आणि पैसे जास्त पडतात. म्हणून गठ्ठ्याच्या कडेला भोकं पाडून दोरा ओवायचा, ही स्वस्तातली बांधणी सगळीकडे चालायची. कागद टिकतो, पण दीड बोट मजकूर कायमचा शिवणीत जातो. त्यातून यंत्रावर कडा कापताना बांधणाऱ्याचा हात सैल सुटला, तर बाहेरच्या बाजूचाही रकाना जातो. फिल्मवाल्यासमोर जे उघडलं तेच त्यानं टिपलं.

आणि वर्तमानपत्राचा कागद तर मुळातच अल्पायुषी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद आला. स्वस्त झाला, वर्तमानपत्रं वाढली. पण त्या कागदात जन्मतःच आम्ल असतं. तो आधी पिवळा पडतो, मग तांबूस होतो, मग पापडासारखा तुटतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या हातकागदावरचं मोडी पत्र आजही हातात धरता येतं आणि सत्तर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र घडी उघडताच मोडतं, त्याचं कारण हे.

आता त्या रिळात काय होतं ते सांगतो. मला मूळ वर्तमानपत्रं मिळाली नाहीत. मिळाला तो सरकारचा साप्ताहिक अहवाल. मुंबई सरकारनं १८६८ पासून देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवणारे अहवाल काढायला सुरुवात केली. इलाख्यातली पत्रं वाचायची, त्यांतल्या सरकारला कळायला हव्यात अशा मजकुराचा इंग्रजीत गोषवारा किंवा भाषांतर करायचं आणि दर आठवड्याला ते गोपनीय म्हणून छापून वरिष्ठांकडे धाडायचं. मुंबईचं राज्य अभिलेखागार, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, लंडनची ब्रिटिश लायब्ररी अशा ठिकाणी हे खंड आहेत, त्यांच्या मायक्रोफिल्म झाल्या, आणि त्यांतले बरेच आता संगणकावरही पाहता येतात. म्हणजे गंमत बघा. साताऱ्याच्या, वाईच्या, इस्लामपूरच्या त्या छोट्या पत्रांना गावात कुणी जपलं की नाही देव जाणे. पण ज्यांना त्यांची भीती वाटत होती, त्या सरकारनं मात्र आठवड्याच्या आठवड्याला त्यांची नोंद ठेवली.

अहवालात पत्रांची यादी असते. पत्राचं नाव, गाव, किती दिवसांनी निघतं, किती प्रती खपतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रिळांत तर संपादकाचं नाव, जात आणि वयही दिलेलं असतं. मी साताऱ्याच्या ओळी शोधत होतो. साताऱ्याचं 'शुभसूचक', 'महाराष्ट्र मित्र', वाईचं 'मोदवृत्त' आणि इस्लामपूरचं 'प्रतोद'. प्रतोद म्हणजे चाबूक. त्या काळातलं इस्लामपूर म्हणजे आठवडे बाजाराचं एक तालुक्याचं गाव, रेल्वेपासून दूर, आणि तिथून कुणी तरी 'चाबूक' नावाचं वर्तमानपत्र काढत होतं! २०२५ मध्ये त्या गावाचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. त्यावर मी या ठिकाणी काही बोलत नाही. शोधणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की रिळावर जुनंच नाव आहे आणि तेही साताऱ्याच्या पोटात.

जातीचा रकाना आला तेव्हा, खोटं कशाला बोला, मी त्यात 'मुसलमान' हा शब्द शोधत होतो. मुंबईची उर्दू पत्रं, गुजरातीतलं 'अखबारे इस्लाम', सिंधमधली पत्रं यांच्यापुढे तो शब्द सापडला. मराठी पत्रांच्या ओळीत, मी पाहिलेल्या रिळात तरी, सापडला नाही. पण त्या यादीत खिळे जुळवणाऱ्यांचा, शाई लावणाऱ्यांचा, घड्या घालणाऱ्यांचा आणि बांधणाऱ्यांचा रकाना नव्हता. तो असता, तर आमच्यासारख्यांची वस्ती किती निघाली असती, हे मला कुठल्याही यंत्राशिवाय माहीत आहे.

'प्रतोद'ची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८९७ हे साल आपल्याला टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यामुळे ठाऊक आहे. प्लेग, पुण्यातल्या घरझडत्या, २२ जूनला रँडवर झाडलेल्या गोळ्या, आणि सप्टेंबरात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी. त्याच वर्षी 'प्रतोद'वरही राजद्रोहाचा खटला भरला गेला. कॅनडाचा दाखला देऊन स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी लिहिलेला एक लेख, एवढाच गुन्हा. साताऱ्याच्या सेशन्स न्यायाधीशानं संपादक रामचंद्र नारायण यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मालकालाही शिक्षा झाली. टिळकांना दीड वर्ष आणि इस्लामपूरच्या संपादकाला जन्मभर! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, पूर्णपीठापुढे चाललं, आणि संपादकाची शिक्षा एका वर्षावर आली.

त्या पूर्णपीठावर सरन्यायाधीश फॅरन आणि न्या. पार्सन्स यांच्याबरोबर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. आणि खल झाला तो एका शब्दावर. कायद्यातला शब्द होता 'डिसअफेक्शन'. आपण त्याला अप्रीती म्हणू. टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावताना सांगितलं होतं, की याचा अर्थ प्रीतीचा अभाव. म्हणजे तुम्हाला सरकारबद्दल माया वाटत नाही, एवढ्यावर तुम्ही गुन्हेगार. 'प्रतोद'च्या निकालात रानड्यांनी लिहिलं, की नुसता मायेचा अभाव म्हणजे अप्रीती नव्हे, तर राजनिष्ठा सोडण्याच्या जवळ जाणारी प्रत्यक्ष तिटकाऱ्याची भावना असायला हवी, मग ती उघड असो वा छुपी. हा निकाल मी एका वकील मित्राकडच्या जुन्या लॉ रिपोर्टात वाचला. कवितेच्या वर्कशॉपांतून मी चाळीस वेळा बसलोय, पण प्रीती नसणं आणि अप्रीती असणं यांतला फरक इतक्या काळजीनं तपासलेला कुठे ऐकला नाही. इथे एका माणसाचं आयुष्य त्या फरकावर टांगलेलं होतं.

पण मला अडखळायला झालं ते दुसऱ्याच ठिकाणी. त्या रिळावर मी माझ्या तालुक्यातलं मराठी वाचत होतो ते इंग्रजीतून. आमच्याच भागातल्या संपादकांचं रागावणं, टोमणे, म्हणी, सगळं सरकारी भाषांतरकारानं इस्त्री करून ठेवलेलं. एक-एक वाक्य मी वहीत परत मराठीत आणायचा प्रयत्न केला. दुष्काळात सारावसुली थांबवत नाहीत, असा एक मजकूर. मूळ पत्रात 'रयत' असेल, 'कुणबी' असेल की 'शेतकरी'? इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. 'सरकार मायबाप' असं उपरोधानं लिहिलेलं असेल, तर भाषांतरात उपरोध कुठला उरणार? आणि खटले उभे राहायचे ते या भाषांतरांच्या आधारे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतर कसं चुकीचं आहे यावर भर कोर्टात किती तरी वेळ घालवला, तो काही हट्ट नव्हता.

दोन दिवसांत माझी वही भरली आणि बऱ्याच शब्दांपुढे प्रश्नचिन्हं राहिली. स्मरणिकेतला लेख मी तसाच, प्रश्नचिन्हांसकट दिला.

या रिळांचा आणखी एक गुण सांगतो. मुंबई इलाखा तेव्हा बेळगाव-धारवाडपासून सिंधपर्यंत होता. त्यामुळे वाईच्या पत्राची बातमी संपते आणि मूठ फिरवली की कराची येते, मग सुरत, मग धारवाड. दुष्काळ, प्लेगच्या नाक्यांवरची तपासणी, रेल्वेतल्या तिसऱ्या वर्गाचे हाल. एकच तक्रार पाच भाषांतून केलेली. संगणकावर आपण शब्द टाकतो आणि नेमकं तेच पान पुढे येतं. ते सोयीचं आहे, मीही वापरतो. पण मी 'प्रतोद' शोधायला बसलो तेव्हा 'मोदवृत्त' हे नाव मला ठाऊकच नव्हतं. जे नाव ठाऊक नाही ते टाकणार कसं? त्यातून जुन्या फिल्मवरचं, रेघा पडलेलं देवनागरी अक्षर संगणकाला नीट ओळखू येत नाही. जोडाक्षराला तर तो हमखास ठेचकाळतो.

फिल्मची कल्पना जुनी आहे. १८७०-७१ साली जर्मन सैन्यानं पॅरिसला वेढा घातला होता, तेव्हा दाग्राँ नावाच्या छायाचित्रकारानं हजारो निरोप नखाएवढ्या फिल्मवर उतरवले आणि कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पाठवले. तिथे ते दिव्यानं भिंतीवर मोठे करून कारकून उतरवून घेत. तत्त्व आजही तेच : दिवा आणि भिंग. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत वर्तमानपत्रांच्या फायली फिल्मवर घ्यायला सुरुवात झाली आणि मग जगभर ती पद्धत रुळली.

आपल्या मराठी पुस्तकांशी या गोष्टीचा एक विचित्र धागा आहे. पीएल-४८० या कराराखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे यायचा, हे साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना आठवत असेल. त्या धान्याचे पैसे भारतानं रुपयांत द्यायचे आणि ते रुपये इथेच खर्च व्हायचे. १९६२ पासून त्यांतल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं, नियतकालिकं विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांत मराठी पुस्तकंही होती. ती जहाजानं अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेली. पुढे पत्रकं आणि पुस्तिका मायक्रोफिशवर घेतल्या गेल्या. फिश म्हणजे रीळ नव्हे, पोस्टकार्डाएवढा पारदर्शक तुकडा. वरची पट्टी नुसत्या डोळ्यांनी वाचता येते, खाली ओळीनं चौकटी असतात; एका तुकड्यावर अठ्ठ्याण्णव पानंही बसतात. आपण रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेल्या गव्हाच्या मोबदल्यात आपलीच पुस्तकं परदेशी टिकून राहिली. हसावं की काय करावं, कळत नाही. पण टिकली हे खरं.

आणि टिकण्याचं मोल सांगलीकरांना मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो ग्रंथ भिजले. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या पुस्तकांचे ढीग ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येणार नाहीत. कोरड्या पुस्तकाच्या जागी फुगून दगडासारखी झालेली वीट. अब्बा म्हणायचे, "कागद को पानी नक्को दिखाव." ते छपराच्या गळतीबद्दल बोलत असत. फिल्मसुद्धा पाण्यात टाकायची वस्तू नव्हे. पण फिल्मची दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवता येते. मुंबईतलं रीळ भिजलं तर दिल्लीतलं कोरडं राहतं. वाचनालयाच्या एकुलत्या एका फाईलला हे भाग्य नसतं.

फिल्मलाही रोग आहेत. चांदीच्या क्षारांची, पॉलिस्टरवर घेतलेली फिल्म थंड आणि कोरड्या जागी, म्हणजे साधारण २१ अंशांखाली ठेवली तर पाचशे वर्षं टिकेल असं मानतात. पण जुनी रिळं अॅसिटेटची असतात. उकाडा आणि दमटपणा मिळाला, की ती आंबू लागतात. डबी उघडताच व्हिनेगरचा, म्हणजे लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते, वेडीवाकडी होते. आणि एका रिळाची वाफ कपाटातल्या शेजारच्या रिळांनाही बाधते. असं रीळ ताबडतोब वेगळं काढायला हवं आणि त्याची नवी प्रत करायला हवी. मी पाहिलेल्या कपाटात तो वास होता. वातानुकूलन यंत्र होतं, पण ते संध्याकाळी माणसांबरोबर बंद व्हायचं. मी हे तिथल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता सगळं डिजिटल होणारच आहे."

होवो. पण डिजिटल होणार ते कशावरून? मूळ कागद जिथे उरला नाही तिथे फिल्मवरूनच. म्हणजे फिल्म आधी जगायला हवी. आणि वाचायचं यंत्र निर्लेखित झालं, की कपाटातल्या रिळांत काय आहे हे पाहणारं कुणी राहत नाही. मग कपाट अडगळ होतं, आणि अडगळीचा लिलाव होतो. माझी विनंती इतकीच आहे, की यंत्र भंगारात काढण्याआधी प्रत्येक डबीवरचं नाव, वर्षं आणि वास, या तीन गोष्टी एका वहीत उतरवून घ्याव्यात. दोन विद्यार्थी लावले तर आठवड्याभराचं काम आहे.

या वाळवा तालुक्यातल्याच कासेगावात गेल ऑम्वेट राहत होत्या. अमेरिकेतून आल्या आणि इथल्याच झाल्या. २०२१ साली त्या गेल्या. ब्राह्मणेतर चळवळीवरचं त्यांचं १९७६ चं पुस्तक 'दीनमित्र'सारख्या गावाकडच्या पत्रांच्या जुन्या अंकांवर उभं आहे. खेड्यातून निघणाऱ्या अशा पत्रांच्या फायली त्यांच्याआधी कितीशा अभ्यासकांनी चाळल्या असतील? आज तसं काम करायला एखादी मुलगी निघाली, तर तिला अंक मिळायला हवेत. कागदावर नाही तर फिल्मवर.

मी तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा यंत्र बंद होतं. दिवा गेला होता. तो छोटा हॅलोजनचा दिवा, कंपनीकडे मिळत नाही, मागणीपत्र वर गेलंय, असं सांगण्यात आलं. सहा महिने झाले होते. मामा निवृत्तीला आले होते, त्यांनी मला बाजूला घेऊन जळका दिवा कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "सर, मिरजेचे ना तुम्ही? दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात दाखवून बघा." मिरजेत अशा दुकानांना तोटा नाही. दुसऱ्याच दुकानातल्या पोरानं दिव्याच्या बुडावरचे आकडे वाचले, आत गेला आणि तसाच दिवा घेऊन आला. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर जो झोत असतो, त्यात हाच लागतो म्हणे. मी दोन घेतले.

मामांनी रुमालानं धरून तो बसवला. हॅलोजनला उघडं बोट लावायचं नसतं, घामाचा डाग पडला तर काच तडकते. पडदा उजळला. मागच्या बाकावर एक तासगावची मुलगी बसली होती, एम.ए.ची, गेल्या महिन्यात दोनदा येऊन परत गेलेली. तिनं सांगलीच्या नावानं चिठ्ठी भरली होती. मी तिला ती खोडून सातारा लिहायला सांगितलं.